आदिवासी संशोधकांसाठी स्वच्छ ऊर्जेवरची पीएच.डी. आणि फेलोशिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नंदुरबार, पालघर, अकोले, किनवट, गडचिरोली या भागांतल्या एम.ए., एम.एस्सी., एम.टेक. झालेल्या मुलामुलींकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारा सुरुवात पैशांपासून करतो आणि दहा मिनिटांत गाडी विषयावर येते, म्हणून विषय निवडीलाही इथे भरपूर जागा दिली आहे. दर आणि अटी अधूनमधून बदलतात. अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरात शेजारी उघडी ठेवा.

पीएच.डी.साठी आदिवासी विद्यार्थ्यांना नेमकी कोणती फेलोशिप आहे?

सगळ्यात मोठी योजना केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची: अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप. सगळे तिला 'एनएफएसटी' म्हणतात. देशभरात दरवर्षी ७५० नव्या फेलोशिप दिल्या जातात. जुने लोक अजून 'राजीव गांधी फेलोशिप' म्हणतात, ती हीच. २००५-०६ पासून ती यूजीसीमार्फत (विद्यापीठ अनुदान आयोग) मिळायची, आता मंत्रालय स्वतः चालवतं. तिच्यासाठी वेगळी परीक्षा नसते, निवड पदव्युत्तर परीक्षेच्या गुणांवर होते. मुलींसाठी आणि आदिम जमातींसाठी (महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड) जागा राखून ठेवलेल्या असतात.

विषयाचं बंधन नाही. 'स्वच्छ ऊर्जा' नावाची वेगळी आदिवासी फेलोशिप आपल्याकडे नाही आणि तिची वाट बघत बसण्याचं कारणही नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, विधी, भौतिकशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी यांपैकी कशातही प्रवेश घेऊन तुम्ही ऊर्जेवर काम करू शकता.

माझी नेट निघाली नाही. मग संपलं का?

नाही. एनएफएसटीला नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, लागत नाही, पण आधी पीएच.डी.ला प्रवेश झालेला असावा लागतो. तो मिळतो विद्यापीठाच्या 'पेट'मधून (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेटच्या गुणांवर. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी प्रवेश, मग फेलोशिप. उलट क्रमाने विचार करणारे एक अख्खं वर्ष घालवतात. नेटच्या गुणांवर प्रवेश घेणार असाल तर लेखीला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) न मिळालेल्यांचे ते गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात.

जेआरएफ निघाली तर उत्तमच. वयाची अट ३० वर्षांची आहे, अनुसूचित जमातीला त्यात ५ वर्षांची सवलत मिळते. दोन्ही फेलोशिप एकदम घेता येत नाहीत, एक सोडावी लागते.

चार वर्षांची पदवी केली, एम.ए. नाही. प्रवेश मिळेल?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीएच.डी.ला थेट अर्ज करता येतो. पदव्युत्तर झालेल्यांना ५५ टक्के लागतात. दोन्हीकडे अनुसूचित जमातीला ५ टक्क्यांची सूट आहे. तरीही आमचा सल्ला एम.ए., एम.एस्सी. करण्याचाच. एनएफएसटीची यादीच पदव्युत्तर गुणांवर लागते.

हातात किती पैसे पडतात?

यूजीसीच्या दराने, म्हणजे १ जानेवारी २०२३ पासून, पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि कामाचं मूल्यमापन होऊन सीनियर फेलो झाल्यावर पुढची तीन वर्षं ४२,००० रुपये. पाच वर्षांची बेरीज २४ लाख होते. शिवाय वर्षाचा आकस्मिक खर्च मिळतो: सामाजिक शास्त्रांना सुरुवातीला १०,००० आणि नंतर २०,५००, तर विज्ञान-अभियांत्रिकीला १२,००० आणि नंतर २५,०००. वसतिगृहात राहत नसाल तर शहराच्या वर्गवारीनुसार घरभाडं.

एक हिशोब मात्र आधीच मांडा. पीएच.डी. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची असते, वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. फेलोशिप पाचव्या वर्षी संपते. पुढचं लिखाण, प्लेजरिझमचा अहवाल, व्हायवा हे सगळं स्वतःच्या खिशातून.

पैसे वेळेवर येतात का?

नाही, नेहमी येत नाहीत. कधी सहा-सहा महिने हप्ता थकतो आणि मग एकदम जमा होतो. हे कटू आहे, पण आधी कळलेलं बरं. ज्यांच्या घरी पाठबळ नाही त्यांचं संशोधन याच खड्ड्यात अडकतं. खोलीचं भाडं थकतं, मुलगा गावी निघून जातो, आणि पुढे त्याला 'गळती' असं नाव मिळतं. ऊर्जेच्या विषयात हे जास्तच जाणवतं, कारण फील्डवर्क लांबच्या पाड्यांवर असतं आणि तिथे एसटी दिवसातून एकदाच जाते.

उशिराचं एक कारण मात्र तुमच्या हातात आहे. फेलोशिप चालू असल्याचं विद्यापीठाने पोर्टलवर वेळच्या वेळी कळवावं लागतं. प्रगती अहवाल, हजेरी, घरभाड्याचा दाखला यांतलं काहीही विभागप्रमुखांच्या टेबलावर पडून राहिलं की पुढचं सगळं थांबतं. विद्यापीठाचा नोडल अधिकारी कोण, त्याचं टेबल कुठल्या मजल्यावर, तो रजेवर गेला की सही कोण करतं, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. आणि वसतिगृह मिळत असेल तर घ्या. घरभाडं मिळणार नाही, पण थकीत भाड्यासाठी घरमालक दार वाजवणार नाही.

जमातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी नाही. चालेल?

प्रांत कार्यालयातून मिळतो तो दाखला. तपासणी समिती देते ते वैधता प्रमाणपत्र. २००० सालच्या कायद्यामुळे महाराष्ट्रात ही दोन वेगळी दारं आहेत. केंद्राच्या फेलोशिपला दाखला लागतो. राज्यातल्या विद्यापीठात राखीव जागेवर प्रवेश घेताना आणि राज्याच्या योजनांसाठी व्हॅलिडिटी मागतात. तेव्हा ती एम.ए.च्या पहिल्या वर्षीच काढायला टाका.

समितीला हवे असतात ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे: आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाची नक्कल, जुने महसुली कागद, आणि वंशावळीचं शपथपत्र. आजोबा शाळेची पायरीच चढले नसतील, आणि बहुतेकांचे चढलेले नसतात, तर जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जमिनीचे कागद शोधा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जायचं तर दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर नाही, सकाळी जा. वडिलांना, काकांना किंवा चुलतभावाला रीतसर चौकशी होऊन व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर ती प्रत जोडाच, तिला मोठं वजन आहे. चालीरीती, देवदेवता, बोली यांवरून घेतली जाणारी 'आप्तभाव चाचणी' हीच एकमेव कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. पुण्यात वाढलेल्या मुलीला जमातीची गाणी येत नाहीत, एवढ्यावरून तिचा दावा फेटाळला जाऊ नये, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

मी इंजिनिअर नाही. ऊर्जा हा विषय मला झेपेल का?

पॅनेल बनवण्याचं काम इंजिनिअरचं. ते कुणाच्या जमिनीवर उभं राहतं, सही कोण करतं, दुरुस्तीला कोण येतं, वीज कुठे जाते आणि बिल कुणाच्या नावावर निघतं, हे प्रश्न इंजिनिअरिंगच्या खात्यात येत नाहीत. भारताला २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म इंधनाची (कोळसा, तेल, वायू सोडून) वीजक्षमता उभारायची आहे, २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जन गाठायचं आहे. एवढं सगळं हवेत उभं राहत नाही. त्याला पठार लागतं, डोंगर लागतो, नदी लागते, आणि महाराष्ट्रात यांतलं बरंचसं आदिवासी तालुक्यांत आहे.

आमचं स्पष्ट मत आहे की या विषयावर आदिवासी संशोधकाची बाजू मुळातच वरचढ असते. पावरी, भिली, कोरकू, माडिया बोलणारा माणूस दुभाष्याशिवाय मुलाखत घेतो. प्रकल्पाचा माणूस पाड्यावर येऊन काय बोलून गेला आणि लोक मागाहून चुलीपाशी काय बोलले, हे दोन्ही त्याला कळतं.

मग आमच्या भागात संशोधनाजोगा प्रश्न कोणता?

चार-पाच सांगतो, उचला आणि आपल्या तालुक्याला लावून बघा.

जमीन हा पहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्यानेसुद्धा परस्पर देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्यापुढे राज्य सरकारची मान्यताही. आता सौर प्रकल्पाचं आयुष्य बघा: २५-३० वर्षं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या आवृत्तीत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. कोरडवाहू वरकस जमिनीसाठी हा आकडा मोहात पाडणाराच आहे. २०२५ मध्ये राज्याने आदिवासींच्या जमिनी भाड्याने देणं सोपं करण्याची घोषणा केली आणि आदिवासी संघटनांनी विरोध केला. भाडं हातात येतं का, सातबाऱ्यावर इतर हक्कांत काय चढतं, सामाईक खात्यातल्या बहिणींची सही घेतली जाते का? एकाच तालुक्यातले वीस करार नीट वाचले तरी प्रबंधाचा कणा तयार होतो.

दुसरा, पाण्याचा. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वरचं धरण घाटमाथ्यावर, खालचं शहापूरच्या बाजूला चोंढ्याजवळ. मागणी कमी असते तेव्हा पाणी पंपाने वर चढवायचं आणि संध्याकाळी वीज लागते तेव्हा खाली सोडायचं. सौर ऊर्जा वाढली तशी साठवणुकीची गरज वाढली. राज्याने २०२३ मध्ये उदंचनासाठी वेगळं धोरणही आणलं, आणि सह्याद्रीच्या रांगेत असे बरेच नवे प्रकल्प येऊ घातले आहेत. महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या नेमक्या याच उतारांवर आहेत. जुन्या प्रकल्पातल्या विस्थापितांचं काय झालं, हे नव्याच्या आधी तपासणं हा एक सरळ, साधा आणि अजून फारसा न झालेला अभ्यास.

तिसरा प्रश्न सातपुड्यातला आहे आणि तो आम्हाला सगळ्यात जास्त खुणावतो. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात २००३ साली केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांनी आणि गावकऱ्यांनी श्रमदानाने १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला. गावात पहिल्यांदा दिवे लागले. तीन वर्षांत, २००६ मध्ये, सरदार सरोवराच्या चढत्या पाण्यात तो बुडाला. सरदार सरोवराची वीजक्षमता १,४५० मेगावॅट, त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. बुडितात आलेली महाराष्ट्राची ३३ गावं अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांतली. दोन्ही वीज 'स्वच्छ'च. एक गावाची होती, दुसरी गावावरून गेली. त्या १५ किलोवॅटचा कारभार कसा चालायचा, वायरमन कोण होता, पैसे कसे गोळा व्हायचे, हे सांगणारी माणसं अजून आहेत, पण वयाने थकत चालली आहेत. कुणीतरी हे लवकर लिहून काढा.

चौथा, दुरुस्तीचा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते. पीएम-जनमन योजनेत, जिथे तारा ओढणं परवडत नाही अशा आदिम जमातींच्या घरांना, घरामागे ५० हजार रुपयांपर्यंतचा सौर संच मिळतो. कागदावर चोख. आता पाड्यावर जाऊन बघा. पॅनेलवर धूळ, बॅटरी फुगलेली, तिच्यावर कंपनीचा टोल फ्री नंबर, आणि मोबाइलला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागतं. तक्रार किती दिवसांनी मिटते, हे दोन वर्षं नोंदवत राहिलात तर ती माहिती आजवर कुणाकडे नसलेली असेल.

पाचवा, चुलीचा. उज्ज्वला २०१६ पासून आहे, सिलिंडर घरात आहे, तरी सरपणाची मोळी रोज येते. यावर बरंच लिहून झालं आहे, नवा कोन सापडला तरच घ्या.

चंद्रपूर-यवतमाळकडच्यांनी काय करावं?

तुमच्याकडे प्रश्न उलटा आहे. कोळसा हळूहळू मागे पडला तर खाणीवर, धुलाई केंद्रावर, ट्रकवर, २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर वीज केंद्राच्या आसऱ्याने जगणाऱ्यांचं काय? कायम नोकरीवाल्यांची नोंद सापडते, ठेकेदाराकडच्या रोजंदाराची सापडत नाही. झारखंडने २०२२ मध्ये न्याय्य संक्रमणासाठी कार्यदल नेमलं. विदर्भात कंत्राटी मजुरांची तालुकावार मोजणी केली तरी तो दणदणीत प्रबंध होईल.

गाईड म्हणतात, विषय राजकीय आहे, दुसरा घे.

खूपदा ऐकू येतं. भांडू नका, सिनॉप्सिसची (संशोधन आराखड्याची) भाषा बदला. 'सौर प्रकल्पांकडून आदिवासींची लूट' असं शीर्षक आरआरसीपुढे (विषयाला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती) टिकणार नाही, आणि निष्कर्ष आधीच ठरलेला असेल तर टिकूही नये. 'अनुसूचित क्षेत्रातील सौर भाडेकरारांच्या अटी आणि कुटुंबाच्या उत्पन्नावरील परिणाम' हे टिकेल. काम तेच.

गाईड निवडतानाच विद्यापीठाबाहेरही बघा. आयआयटी मुंबईत ऊर्जा विभाग आहे आणि ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारं 'सीतारा' केंद्र आहे, मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्था आहे, पुण्यात गोखले संस्था आहे. वीज दर आणि नियमन समजून घ्यायला पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाचे अहवाल वाचा. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात घरापासून जवळ राहून काम करता येतं, ही सोय कमी लेखू नका.

स्वतःच्याच गावात अभ्यास केला तर चालतो का?

चालतो, पण विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीला 'संशोधक त्याच समाजातला आहे' हे उघड सांगा. पेसा क्षेत्रात (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे) ग्रामसभेपुढे विषय मांडून ठराव घ्या. कायदा प्रत्येक मुलाखतीसाठी तो मागत नाही, तरी घ्या. मामा, आत्या, सरपंच हे सगळे तुमचेच असतात, त्यामुळे 'नाही' म्हणणं त्यांना जड जातं. नाव गुप्त ठेवण्याचं वचन छोट्या पाड्यावर पाळणं अवघड असतं. 'चार एकर, विहीर असलेला, मुलगा पोलिसात' एवढं लिहिलं की अख्ख्या गावाला माणूस कळतो. तपशील बदला किंवा वगळा.

प्रबंध मराठीत लिहू शकतो का?

राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या या शाखांत परवानगी आहे. नोंदणीच्या वेळीच भाषा ठरवा. परीक्षक मिळायला थोडा वेळ लागू शकतो.

परदेशात जायचं असेल तर?

आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. देशभरात वर्षाला फक्त २० जागा, त्यांतल्या ३ आदिम जमातींसाठी. वय ३५ पर्यंत, कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ६ लाखांपर्यंत. शुल्क, विमानभाडं, विमा मिळतो. निर्वाहाला वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनमध्ये ९,९०० पौंड. ब्रिटिश सरकारच्या संशोधन मंडळाने आपल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी २०२४-२५ ला ठरवलेला किमान निर्वाहभत्ता १९,२३७ पौंड होता. फरक तुम्हीच बघा. लंडन नको, लहान शहर बघा.

त्यापेक्षा एक रस्ता मुलांना फारसा माहीत नसतो. नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वेत पीएच.डी. ही पगारी नोकरी असते, जर्मनीतही बऱ्याचदा तसंच. जागेची जाहिरात निघते, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. उत्पन्नाचा दाखला नको, व्हॅलिडिटी नको, आणि या देशांत ऊर्जा संक्रमणावर भरपूर जागा निघतात. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिची चौकशी प्रकल्प कार्यालयात करा.

ऑस्ट्रेलिया-कॅनडात 'इंडिजिनस' संशोधकांसाठी शिष्यवृत्त्या दिसतात. आम्ही अर्ज करू का?

साधारणपणे नाही. ऑस्ट्रेलियातल्या अशा शिष्यवृत्त्या अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांसाठी असतात. वंश, स्वतःची ओळख आणि समाजाची मान्यता, अशा तिन्ही गोष्टी बघतात. कॅनडात फर्स्ट नेशन्स, इनुइट, मेटिस. न्यूझीलंडमध्ये माओरी. जमातीचा दाखला तिथे कामाचा नाही. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांत मूळनिवासी लोकांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, पण सरकारची भूमिका 'सगळेच भारतीय मूळनिवासी' अशी आहे. गंमत म्हणजे तेव्हा विरोधात मत देणारे चारच देश होते: ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, अमेरिका.

अर्ज करता येत नसला तरी तिथल्या संशोधकांचं काम जरूर वाचा. प्रकल्पात समाजाची भागीदारी, आधी माहिती देऊन मुक्तपणे घेतलेली संमती, माहितीवर समाजाचा हक्क, या चर्चा तिकडे बऱ्याच पुढे गेल्या आहेत. आणि त्या विद्यापीठांच्या सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्त्यांना तुम्ही इतरांसारखेच पात्र आहात.

राज्याची फेलोशिप? बार्टी, सारथीसारखी?

बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा समाजासाठी. अनुसूचित जमातीसाठी हे काम पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे टीआरटीआयकडे आहे. १९६२ पासूनची संस्था. जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि तिथलं ग्रंथालय वापरा. जमातींवरचे जुने पाहणी अहवाल तिथे हाताळायला मिळतात.

नोकरी करत फेलोशिप घेता येते?

नाही. पूर्णवेळ नोंदणी लागते.

बाळंतपण आलं तर?

पीएच.डी.च्या पूर्ण काळात मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, शिवाय मुलींना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत. लेखी अर्ज करूनच रजा घ्या. तोंडी 'हो जा' म्हणणारे गाईड नंतर बदलून जातात.

अर्ज सगळ्यात जास्त कशामुळे बाद होतात?

नावामुळे. दहावीच्या सनदेवर 'वळवी', आधारवर 'वलवी', जमातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव अर्धंच. अर्ज उघडण्याआधी तीन महिने हे जुळवा. दुसरं, बँक खातं आधारशी जोडलेलं असलं तरी थेट हस्तांतरणासाठी मॅप झालेलं नसतं. शाखेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का' असंच विचारा, नुसतं 'लिंक आहे का' विचारलं तर हो म्हणतात. तिसरं, पदव्युत्तर गुणपत्रकावर श्रेणी असेल तर टक्केवारीत बदलल्याचं विद्यापीठाचं पत्र जोडा. आणि शेवटच्या रात्रीसाठी काही ठेवू नका, त्या रात्री पोर्टल बसतंच.